चार दिवस, तीन कॅमेरे आणि वहिनींच्या बुटाची नाडी

आधीच सांगून ठेवतो, ह्यात निसर्गवर्णन फार नाहीये. दादा (माझा आत्तेभाऊ, लायसन्स मिळून दीड वर्ष झालंय), वहिनी आणि मी असे तिघं चार दिवस चार सीटच्या सेसना १७२ मधून फिरलो आणि त्या चार दिवसांत मी खिडकीबाहेर कमी आणि कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे जास्त बघितलं. दादाला स्वतःच्या फ्लाइट्सचं रेकॉर्डिंग हवं होतं, विशेषतः लँडिंगचं, म्हणजे नंतर बसून आपलं काय चुकतंय ते बघता येईल. त्यासाठी एक कॅमेरा घ्यायचा होता आणि कुठला घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात कुणाचाही फोन अडकला की तो माझ्याकडेच येतो. मग घेण्याआधी तीन प्रकार बरोबर नेले. माझा जुना चौकोनी अॅक्शन कॅमेरा, मित्राकडून मागून आणलेला ३६० वाला (दोन लेन्सचा, एकदम चहूकडचं टिपणारा), आणि माझा फोन. परत येईपर्यंत निकाल लावायचा असं ठरलं.

आदली संध्याकाळ

हँगरमध्ये विमान गप्प उभं असतं तेव्हा सगळं सोपं वाटतं. मी दहा मिनिटांत कॅमेऱ्यासाठी पाच जागा शोधल्या आणि दादाने पाचही बाद केल्या. डॅशबोर्डवर नको, बाहेरचं दिसत नाही. योकवर, म्हणजे विमानाच्या स्टीयरिंगवर, तर नाहीच नाही. छताच्या प्लास्टिकला खरखरीत पोत, तिथे सक्शन कप धरेना. बाहेर पंखाच्या खांबाला लावू का म्हटलं तर दादा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी पंखच काढू का विचारलंय. बाहेर काही लावणं म्हणजे विमानात बदल केल्यासारखं धरतात, त्याला मंजुरी लागते, आणि विमान क्लबचं, आपलं नाही. विषय संपला.

शेवटी पुढच्या काचेच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, माझ्या बाजूला, कप बसवला. काच म्हणतो खरं पण ती काच नसते, अॅक्रिलिक असतं. मी घरून काच पुसायचा स्प्रे आणला होता तो दादाने हातातून काढूनच घेतला. अमोनियावाला स्प्रे मारला की अॅक्रिलिकला बारीक बारीक तडे जातात म्हणे, उन्हात समोरचं सगळं धुक्यासारखं दिसतं. मऊ फडकं आणि पाणी, बस.

मग त्याने योक पूर्ण मागे, पूर्ण पुढे, दोन्हीकडे फिरवला, पायाचे पेडल दाबले, कॅमेऱ्याची दांडी, वायर, कप कशालाच काही लागत नाही ना ते बघितलं. हे त्याने नंतरचे चारही दिवस न चुकता केलं.

दिवस पहिला

सकाळी रनवेवर जाऊन उभे राहिलो, टेकऑफची परवानगी आलेली, आणि दादा एकदम म्हणाला, "थांब. हे काय?" रनवे २७ होता, म्हणजे नाक रनवेच्या रेषेत असताना कंपास २७० च्या आसपास पाहिजे. तो दाखवत होता २८५. आमच्या विमानात जुने गोल डायल, जायरोवाला हेडिंगचा डायल ह्या कंपासवरूनच लावायचा असतो आणि तो सरकतो म्हणून दर पंधरा मिनिटांनी परत जुळवायचा असतो, म्हणजे इथे पंधरा अंशांची गडबड झाली की पुढे सगळीकडे तीच. दादाने टॉवरला अर्धा मिनिट मागितलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. मी हातभर अंतरात काय काय आहे ते बघायला लागलो आणि मग उजेड पडला. फोनचा होल्डर! त्याला मागे लोहचुंबक होतं आणि मी तो हौसेने मधोमध, कंपासच्या बरोबर खाली चिकटवला होता. उचलला तर कंपासची चकती डोळ्यांसमोर हळूच वळून २७० वर येऊन थांबली. इतकी शरम वाटली ना.

फोन तसाही फार टिकला नाही. त्याला हातात धरून शूट करत बसलो, वीस मिनिटं उन्हात राहिल्यावर गरम झाल्याची सूचना देऊन बंद पडला. आणि फोन कायमचा विमानाला बांधायचा नाहीच, कारण लेन्स स्थिर ठेवणाऱ्या त्या नाजूक यंत्रणेला इंजिनाची थरथर मानवत नाही. २०२१ साली अॅपलनेच मोटरसायकलला आयफोन बांधणाऱ्यांना हा इशारा दिला होता. पहिला उमेदवार पहिल्याच तासात बाद.

आम्ही ७५०० फुटांवर होतो तेव्हा अॅक्शन कॅमेरा पडला. आवाज न करता, कपासकट. सक्शन कप चिकटतो म्हणजे खरं तर बाहेरची हवा त्याला दाबून धरते, आणि त्या उंचीवर हवेचा दाब जमिनीच्या साधारण पाऊणपटच राहतो, म्हणजे पकडही तेवढीच, वर गारठ्याने रबर कडक झालेलं आणि काचेला बाक. पडला तो माझ्या पायाशी, आणि तिथून घरंगळत उजव्या पेडलच्या मागे जायला लागला. माझ्या बाजूचे पेडल आणि दादाच्या बाजूचे पेडल आतून जोडलेले असतात. मी पायाने अडवला, उचलला, मांडीवर घेऊन बसलो आणि उतरेपर्यंत एक शब्द बोललो नाही. (दादाच्या मते पूर्ण ट्रिपमधला तो सर्वात सुखाचा काळ.)

खाली उतरल्यावर वहिनींनी बॅगेतून जास्तीची बुटाची नाडी काढली, तपकिरी, आणि म्हणाल्या, "ह्याने बांधा. कप सुटला तर सुटू दे, कॅमेरा लोंबकळेल, पडणार नाही." ती नाडी शेवटपर्यंत राहिली.

रात्री फुटेज बघितलं आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. प्रोपेलर म्हणजे हवेत तरंगणारी केळी. वाकडी, तुटलेली, काही काही तर मधल्या भागापासून सुटून एकटीच फिरतायत. वळणाचं शूटिंग तर विचारूच नका, पॅनेल आणि दादाचं डोकं होडीत बसल्यासारखं डुलत होतं आणि मधेच झटका मारून जागेवर येत होतं. पाच मिनिटांत वहिनींना मळमळायला लागलं. विमानात त्यांना काही झालं नव्हतं, व्हिडिओ बघताना झालं.

डुलण्याचं कारण स्टॅबिलायझेशन. कॅमेऱ्यातला जायरो म्हणतो आपण वळतोय, मग तो बाहेरचं जग स्थिर ठेवायला फ्रेम उलटी सरकवतो. चालताना, सायकलवर ते छानच. पण विमानात कॅमेरा ज्याला बांधलाय ते विमानच वळत असतं, त्यामुळे आतलं सगळं पोहायला लागतं आणि फ्रेमची कड संपली की झटका. मी शहाणपणा करून होरायझन लॉक लावून बघितलं होतं, त्यात क्षितिज एकदम सपाट आणि विमान आपल्या भोवती कलंडतंय. विमानाच्या आत दोन्ही बंद ठेवायचं, हे त्या रात्री पक्कं झालं. थरथर कमी करायची तर दांडी आखूड करायची, लांब दांडीला इंजिनाचा प्रत्येक ठोका मोठा होऊन पोचतो.

दिवस दुसरा

केळ्यांचा हिशोब दादाने सकाळी कागदावर मांडला, त्याला असलं आवडतं. क्रूझला, म्हणजे वर सरळ उडत असताना, इंजिन २४०० आरपीएम (मिनिटाला २४०० फेरे), प्रोपेलर थेट इंजिनालाच जोडलेला, म्हणजे सेकंदाला ४० फेरे. पाती दोन, म्हणजे सेकंदाला ८० वेळा एखादं पातं लेन्ससमोरून जाणार. कॅमेऱ्याचा सेन्सर आख्खी फ्रेम एकदम वाचत नाही, वरून खाली ओळी ओळीने वाचतो, आणि तेवढ्यात पातं पुढे गेलेलं असतं, म्हणून ते वाकडं दिसतं. उन्हात शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी प्रकाश आत घ्यायचा वेळ, १/२००० सेकंदाला गेलं की पातं त्या वेळात फक्त सात अंश फिरतं, ठसठशीत गोठतं, आणि मग वाकडेपणाही ठसठशीत. शटर १/८० पेक्षा सावकाश असेल तर मात्र दोन पाती मिळून पूर्ण गोल पुसून काढतात आणि समोर नुसती हलकी सावली राहते, आपल्या डोळ्यांना दिसते तशीच.

आता भर उन्हात शटर इतकं खाली आणायचं कसं? ह्या कॅमेऱ्यांचं अॅपर्चर (लेन्सचं भोक) फिक्स असतं, समजा एफ २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर उन्हात ते १/३२०० वगैरे मागणार. म्हणून पुढे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सचा गॉगल. एनडी ३२ ने प्रकाश बत्तिसावा हिस्सा होतो, शटर १/१०० ला येतं, एनडी ६४ ने १/५० ला. आम्ही ३२ लावला. केळी गेली. पाहिलंत तर कडेला अगदी पुसट पट्टे होते, ते चालतंय. संध्याकाळी उजेड उतरला की फिल्टर काढायचा, नाहीतर कॅमेरा आयएसओ चढवतो आणि पॅनेलवर मुंग्या.

एक पचका इथेही झालाच. माझ्याकडे दोन फिल्टर होते आणि मी आधी चुकून पोलरायझर जोडलेला एनडी लावला. पुढच्या अॅक्रिलिकवर तेलाच्या डागासारखं इंद्रधनुष्य! अॅक्रिलिक वाकवून बसवताना त्यात जो ताण राहतो तो पोलरायझरमधून रंगीत दिसतो. शिवाय दादाच्या मांडीवरचा नकाशावाला टॅबलेट व्हिडिओत काळा ठिक्कर. साधा एनडी घ्या, पोलरायझर नको.

जागाही बदलली. पुढच्या काचेवरून मागच्या बाजूच्या खिडकीवर, दादाच्या खांद्यामागे, आखूड दांडीवर, नाडी सीटबेल्टच्या कडीला. इथून दादाचा उजवा हात, थ्रॉटल, डायल आणि पुढच्या काचेचा बराचसा भाग एका फ्रेममध्ये येतो. चार्जिंगला आधी विमानातल्या सॉकेटमध्ये माझा गाडीतला चार्जर खुपसला तर रेडिओत खरखर सुरू, काढला की बंद. त्यामुळे पॉवर बँक, आणि कॅमेऱ्याचं वायफाय ऑफ.

आता आवाज. पहिल्या दिवशीच्या फुटेजमध्ये अडीच तास नुसती गिरणी चालू होती. आपल्याला हवा असतो हेडसेटमधला आवाज, म्हणजे आपलं बोलणं आणि रेडिओ. एकेकाळी गार्मिनची व्हर्ब मालिका होती, २०१५ च्या व्हर्ब एक्स आणि एक्सईच्या वैमानिकांसाठीच्या पॅकमध्ये हेडसेटची वायर आणि प्रोपेलरसाठीचा फिल्टर दोन्ही बरोबरच यायचं, म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आम्ही चार दिवस डोकं आपटलं त्या त्यांनी एका खोक्यात दिल्या होत्या. ती मालिका आता बंद झाली. मी हेडसेटच्या सॉकेटला साधा स्प्लिटर लावून सरळ कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकात घातलं, आणि आवाज असा फाटला की कुणी पत्रा ओढतंय. हेडसेटला जाणारा सिग्नल माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी दणकट असतो, मधे तो उतरवणारी, आत रेझिस्टर असलेली खास केबल लागते. ती नव्हती.

मार्ग परत वहिनींनीच काढला. माझा कॉलरचा माइक त्यांनी स्वतःच्या हेडसेटच्या कपात, कानाजवळ खोचला, वायर खालच्या बाजूने बाहेर, म्हणजे कानाभोवतीच्या गादीला फट कमी पडते. कॅमेरा त्यांच्या शेजारीच होता, वायर हातभर. आणि ऐकलं तर काय, एकदम स्वच्छ! मागे इंजिनाची हलकी घरघर आणि पुढे दादाचा, टॉवरचा, माझा आवाज. (टॉवरचं बोलणं रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवायला काही देशांत मनाई आहे, तेवढं आधी बघा.)

अडचण एकच, माझा आवाज. संध्याकाळी तिघांनी मिळून दुसऱ्या दिवशीचं लँडिंग ऐकलं. दादा फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आणि मी: "दादा, एनडी मस्त चाललाय हां, पातं दिसतच नाहीये, बघ ना, नाही तू नको बघू, पण बघ ना, आणि वहिनी तुमच्याकडे लाल दिवा आहे ना चालू?" ह्या सगळ्याच्या खालून टॉवरवाला काहीतरी सांगतोय. मग तोच आवाज, जरा चढलेला, परत तेच सांगतोय. वाऱ्याची दिशा बदलल्याचं सांगत होता. दादाला ते पहिल्यांदा ऐकू आलंच नव्हतं. वहिनी टॅबलेटकडे बघत राहिल्या. दादा पण काही बोलला नाही, त्याने नुसतं ते वीस सेकंद मागे घेऊन परत लावलं.

दिवस तिसरा

ढग खाली, उडणं रद्द. दिवसभर खोलीत ३६० वाल्याचं फुटेज. त्याची गंमत अशी की कुठे रोखायचा हा प्रश्नच नाही, सगळीकडचं येतं, नंतर हवं ते काढून घ्या. दोन्ही खिडक्या, वहिनींचा झोपलेला चेहरा, सगळं. पण ५.७के म्हणजे रुंदीत ५७६० ठिपके आख्ख्या ३६० अंशांवर पसरलेले, एका अंशाला सोळा. साधा ४के कॅमेरा ३८४० ठिपके साधारण १२० अंशांत मांडतो, एका अंशाला बत्तीस. फरक कुठे दिसला तर वेगाच्या डायलवर. अॅक्शन कॅमेऱ्यात काटा ६५ वर आहे की ७० वर ते वाचता येतं, ३६० मध्ये तिथे काटा आहे एवढंच कळतं. शिवाय दोन लेन्सची शिवण जवळच्या वस्तूंवर उघडी पडते, आणि कॉकपिटमध्ये जवळ नाही असं काय असतं, दादाच्या कानाला दोन पाळ्या आल्या होत्या. फिरायला जाणाऱ्याला हा कॅमेरा जरूर घ्या म्हणेन. लँडिंग शिकणाऱ्याला नाही.

दुपारी दादाने एक जुनी गोष्ट काढली. मे २०१४, अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एक सेसना १५० रात्री पडली, दोघं गेले. अवशेषांत गोप्रोचं कार्ड सापडलं. त्यावर शेवटची फ्लाइट नव्हती, पण त्याच्या आधीच्या छोट्या फेऱ्या होत्या, आणि त्यांत वैमानिक आणि बरोबरचे लोक फोनने सेल्फी काढताना दिसत होते, अंधारात फ्लॅश मारून, टेकऑफच्या वेळीसुद्धा. कमी उंचीवर फोनमुळे लक्ष विचलित होणं हे तपास अहवालात कारणांमध्ये लिहिलं गेलं. दादा म्हणाला, त्यात बांधलेल्या गोप्रोने काहीच केलं नाही, तो बिचारा नुसता बघत होता. "हातात धरलेलं जे असतं ना, ते." मी त्या वेळी हातात फोन धरूनच बसलो होतो, तो खाली ठेवला.

दिवस चौथा

परतीची एक तास चाळीस मिनिटांची फ्लाइट. इंजिन सुरू व्हायच्या आधी कॅमेरा चालू, वहिनींनी एक टाळी वाजवली, आवाज आणि चित्र वेगळं पडलंच तर जुळवायला, आणि मग कुणी हात लावायचा नाही. ४के, तीस फ्रेम, व्हाइट बॅलन्स ५५०० वर लॉक, एक्सपोजर अर्धा स्टॉप खाली, नाहीतर काचेबाहेर नुसता पांढरा रंग येतो. सेकंदाला १०० मेगाबिट म्हणजे तासाला ४५ जीबी, १२८ चं कार्ड आरामात पुरतं, फक्त व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ), लॉगबुकाशी जुळायला. पॉवर बँक लावल्यामुळे बॅटरीचा विचारही आला नाही.

उतरताना समोरून, जरा डावीकडून वारा होता. मी गप्प. हाताची घडी. एवढा गप्प की फायनलवर दादाने विचारलं, "आहेस ना?"

फुटेज हँगरमध्येच बघितलं, दम निघेना. पुढच्या काचेत एक पांढरा चौकोन तरंगत होता, तो चेकलिस्टचा कागद डॅशवर पडला होता त्याचं प्रतिबिंब, पुढच्या वेळी काळं फडकं टाकायचं. कॅमेऱ्याच्या जीपीएसने कोपऱ्यात ५८ नॉट दाखवला आणि त्याच क्षणी डायलवर ६५, म्हणून मी म्हटलं हा चुकतोय, तर दादा म्हणे चुकत नाहीये, जीपीएस जमिनीवरचा वेग सांगतो आणि डायल हवेतला, सात नॉट वारा समोरून येत होता. मग तो बघत राहिला. रनवेची सुरुवात ओलांडल्यावर त्याची मान तीनदा खाली जाऊन डायलवर येते, तिथे नजर बाहेर, रनवेच्या टोकाला पाहिजे. त्याला हे कुणी सांगितलं असतं तर त्याने मानलं नसतं. तीनदा. त्याने मोजून बघितलं.

तर निकाल असा: एका लेन्सचा अॅक्शन कॅमेराच, पण माझ्यापेक्षा मोठ्या सेन्सरचा, बाहेरचा माइक घेणारा, माइक लावलेला असताना चार्जही होणारा, आणि लेन्सवर साधा एनडी बसवता येणारा. त्याच्याबरोबर रेझिस्टरवाली केबल. सगळ्यात महागडं मॉडेल नको असं मीच सांगितलं, त्यातलं निम्मं कौतुक स्टॅबिलायझेशनचं आणि ते आपण बंदच ठेवणार.

निघताना दादाने क्लबच्या चेकलिस्टची आपली स्वतःची कॉपी काढली आणि इंजिन सुरू करण्याच्या आधीच्या भागात पेनने चार ओळी वाढवल्या. कॅमेरा, चालू. नाडी, बांधली. कंपास, तपासला. चौथी ओळ त्याने हाताने झाकून लिहिली आणि कागद वहिनींकडे दिला. त्या हसल्या आणि मला दाखवला.

धाकटा, गप्प.